गाडीचा ब्रेक आणि कर्त्याचा अधिकार

ज्या गृहस्थाच्या दारी मोटारगाडी आहे त्याच्यापुढे साधारण दर दोन वर्षांनी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रथमदर्शनी इतका यांत्रिक, इतका रोजच्या व्यवहारातला दिसतो की त्यात धर्मविचाराला काही जागा असेल अशी शंकादेखील कोणाच्या मनाला शिवत नाही: ब्रेकच्या नळ्यांतले जुने द्रव काढून त्या ठिकाणी नवे भरण्याचे काम आपण स्वतःच्या हातांनी करावे, की गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे? जळगाव-धुळ्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत या प्रश्नाचा निकाल बहुधा खर्चाच्या आणि फुरसतीच्या हिशेबावर लावला जातो. ज्याला मजुरीचे पैसे वाचवायचे असतात तो पाना हातात घेतो, ज्याला वेळ नसतो तो किल्ली मिस्त्रीच्या हाती देतो, आणि दोघांनाही एका व्यावहारिक बाबीचा व्यावहारिक निर्णय घेतल्याचे समाधान लाभते. मला मात्र विचारान्ती असे वाटू लागले आहे की कर्म कोणी करावे, ते करण्याचा अधिकार कशाने येतो, आणि दुसऱ्याच्या हातून करविलेल्या कर्माचे उत्तरदायित्व कोणाकडे राहते, हे आपल्या शास्त्रकारांनी शतकानुशतके घोळवलेले प्रश्न या अर्ध्या-पाऊण लिटर द्रवाच्या निमित्ताने आपल्या दाराशी येऊन ठेपतात. आणि त्यांचा विचार केल्यावाचून घेतलेला निर्णय, मग तो कोणत्याही बाजूचा असो, अपुरा राहतो.

या द्रवाचे काम एकच: चालकाच्या पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचविणे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांत कोंडलेल्या द्रवावर दाब येतो, आणि द्रव जवळजवळ आकुंचन पावत नसल्यामुळे तोच दाब चारही चाकांपाशी बसवलेल्या दट्ट्यांवर उतरून ब्रेकचे पॅड फिरत्या तबकडीला आवळतात. बंद पात्रातल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो हा नियम ज्याच्या नावे ओळखला जातो तो ब्लेझ पास्कल १६२३ साली फ्रान्समध्ये जन्मला आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. आणि ज्याने द्रवाच्या दाबाचे गणित मांडले त्यानेच उत्तरायुष्यात ईश्वरनिष्ठेचा प्रश्न एका पैजेच्या रूपात मांडून तत्त्वज्ञांना कायमचे विचाराला लावले. या पैजेकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

बाजारात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते खनिज तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत असते ते ग्लायकॉल-ईथर जातीचे रसायन, आणि हवेतली ओल शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. बोनेटखालच्या द्रवाच्या डबीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून, रबरी नळ्यांच्या अंगातून, महिनोन्‌महिने ही ओल आत मुरत जाते. डॉट-४ या प्रतीचे द्रव कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे; त्यातच ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि डॉट-३ च्या बाबतीत २०५ अंशांवरून १४० वर. सपाट रस्त्यावर या घसरणीची कोणाला जाणीवही होत नाही. परंतु कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट, अजिंठा गावाहून फर्दापूरकडे येणारी वळणे, किंवा सेंधव्याच्या बाजूने शिरपूर तालुक्यात उतरणारा बिजासनचा उतार अशा ठिकाणी जो चालक गिअर न उतरवता केवळ ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवतो, त्याच्या चाकांच्या तबकड्या शेकडो अंशांपर्यंत तापतात, ती उष्णता पॅडांमधून आणि दट्ट्यांमधून द्रवात शिरते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ ही द्रवासारखी ताठ न राहता दबत असल्यामुळे चालकाच्या पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांतच विरून जातो. पेडल पार तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. आमच्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो म्हणून ब्रेकच्या प्रत्येक तक्रारीचे खापर उन्हावर फोडण्याची रीत आहे. पण ज्या द्रवाला दीडशे अंशांचा ताप सोसायचा असतो त्याचे पंचेचाळीस अंशांनी फारसे काही बिघडत नाही. दोष असतो तो मागल्या दोन-तीन पावसाळ्यांत आत शिरलेल्या ओलीचा, आणि ती कोणी काढली नाही या गोष्टीचा.

या गोष्टीचे गांभीर्य आमच्या भागाला पुस्तकातून शिकण्याची गरज उरलेली नाही. ४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातल्या पळासनेर गावाजवळ, मुंबई-आग्रा महामार्गावर, मध्य प्रदेशाकडून धुळ्याच्या दिशेने येणाऱ्या एका अवजड मालवाहू वाहनाचे ब्रेक निकामी झाले. पुढच्या वाहनांना ठोकरत ते थेट रस्त्याकडेच्या बसथांब्याशेजारच्या हॉटेलात घुसले, आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. अशा अवजड वाहनांचे ब्रेक दाबाखालच्या हवेवर चालतात, द्रवावर नव्हे, हे येथे नमूद करणे सत्याला धरून होईल. तेव्हा या अपघाताचा संबंध मी द्रव बदलण्याशी जोडीत नाही. मी जोडतो तो निराळ्याच एका गोष्टीशी. थांब्यावर बसची वाट पाहत उभ्या असलेल्या इसमाने त्या वाहनाच्या देखभालीविषयी कोणताही निर्णय घेतलेला नव्हता, त्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि तरीही दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयाचे अथवा निर्णय न घेण्याचे अंतिम फळ त्याच्या पदरात पडले. ब्रेकविषयीचा कोणताही विचार सुरू करायचा तो या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसापासून, अशी माझी धारणा आहे.

आता स्वतः काम करावे असे म्हणणाऱ्यांची बाजू पाहू, कारण ती बाजू लहान नाही आणि तिचे मूळ याच मातीत आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ही हकीकत महाराष्ट्राला सुपरिचित आहे. श्रोते राजबंदी होते, आणि प्रवचनकार असा की ज्याने वर्षानुवर्षे सूत काततानाच, विणतानाच, मैला साफ करतानाच आपले अध्यात्म घडवले होते. ज्यांनी ती प्रवचने उतरवून घेतली ते साने गुरुजीही अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात वेदान्ताचा अभ्यास करून मग तिथल्याच शाळेत मुलांना शिकवायला गेलेले. छात्रालयातल्या मुलांची सेवा करताना त्यांना कोणतेही काम हलके वाटले नाही. पुढे १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा बांबू आणि स्थानिक साहित्य वापरून उभे केलेले ते नगर हा याच विचाराचा दृश्य आविष्कार होता. जो आपल्या गरजेचे काम स्वतः करीत नाही तो दुसऱ्याच्या श्रमावर जगतो, हे या विचाराचे सार. आणि ज्या वर्गात मी वाढलो त्या वर्गाला, की जो लेखणी धरणाऱ्या हाताला पाना धरणाऱ्या हाताहून नकळत श्रेष्ठ मानत आला, त्याला या विचाराची आजही तितकीच गरज आहे. रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी विहिरीवरचा पंप स्वतः खोलतो, ट्रॅक्टरचा फिल्टर स्वतः बदलतो, ठिबकच्या नळ्या स्वतः जोडतो. त्यात त्याला ना मोठेपणा वाटतो ना कमीपणा. त्याच तालुक्यातून शिकून जळगावात नोकरीला आलेला त्याचा मुलगा गाडीचे बोनेट उघडायला बिचकतो, तेव्हा पिढीच्या या अंतरात आपण काहीतरी मोलाचे गमावले असे मला मनापासून वाटते.

आणि तरीही विनोबांचाच दाखला उलट बाजूनेही उभा राहतो. कर्माला जेव्हा विकर्माची, म्हणजे अंतःकरणाच्या पूर्ण सहभागाची, जोड मिळते तेव्हाच ते कर्म निर्मळ होऊन त्याचे ओझे उरत नाही, असे त्यांनी त्या तुरुंगात समजावून सांगितले. हा निकष ब्रेकला लावला तर नुसते हात चालविणे पुरेसे होत नाही. हात चालत असताना मन फुशारकीत असेल, किंवा वाचलेल्या रकमेचा हिशेब करीत असेल, तर ते स्वावलंबन बाहेरूनच तेवढे स्वावलंबन आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक गीतेचाच आधार घेऊन म्हणतात की परधर्म कितीही सुलभ दिसला तरी भयावह असतो. मिस्त्रीचे काम मिस्त्रीने करावे, वकिलाने वकिली करावी, आणि ज्याने त्याने आपापल्या पायरीवर राहावे. हे म्हणणे मला मान्य नाही, निदान या रूपात तरी नाही. स्वधर्म म्हणजे जन्माने नेमून दिलेला धंदा असा अर्थ करून या देशात जे अनर्थ झाले त्यांचा पाढा वाचण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पाना फिरविणे हा एका जातीचा अथवा एका वर्गाचा वतनी हक्क आहे असे मानणे म्हणजे त्याच अनर्थाला नवे कुळ मिळवून देणे होय. माझ्या दाराशी उभी असलेली, माझ्या नावे नोंदलेली, माझ्या मुलांना शाळेत पोहोचवणारी गाडी सुस्थितीत ठेवणे हा तर माझ्या स्वधर्माचाच भाग आहे. प्रश्न राहतो तो एवढाच की त्या धर्माचे पालन माझ्या हातांनी व्हावे की दुसऱ्याच्या, आणि या प्रश्नाला जातीपातीच्या भाषेत उत्तर नाही. त्याचे उत्तर अधिकाराच्या भाषेत आहे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय या अधिकारविचारालाच वाहिलेला आहे. यज्ञ कोणी करावा या प्रश्नाचा ऊहापोह करताना परंपरेने अधिकाऱ्याची लक्षणे ठरवली: तो अर्थी असावा, म्हणजे त्या कर्माची त्याला खरोखर इच्छा असावी, समर्थ असावा, म्हणजे शरीर, साधने आणि द्रव्य त्याच्यापाशी असावे, विद्वान असावा, म्हणजे ते कर्म कसे करायचे याचे ज्ञान त्याला असावे, आणि शास्त्राने त्याला वर्ज्य केलेले नसावे. या चौथ्या लक्षणाच्या आधारे शूद्रांना यज्ञाबाहेर ठेवले गेले, हा त्या शास्त्रावरचा डाग आहे आणि तो धुवून निघत नाही. पण पहिली तीन लक्षणे निर्मळ आहेत, आणि चौथ्याची जागा रिकामी ठेवण्याचेही कारण नाही. ज्या कर्मात चूक झाली असता तिचे प्रायश्चित्त स्वतःऐवजी तिऱ्हाइताला भोगावे लागते, ते कर्म कच्च्या हाताला वर्ज्य, असा नवा निषेध त्या जागी बसवता येतो. हा निषेध कोणाच्याही कुळाकडे पाहत नाही. तो फक्त रस्त्यावरच्या माणसाकडे पाहतो.

ही लक्षणे एकेक करून लावून पाहिली म्हणजे प्रश्न किती बदलतो ते दिसते. इच्छा तर पुष्कळांना असते. सामर्थ्याची गोष्ट जरा अवघड: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालणे हे साहस नव्हे, अविवेक आहे; गाडीला लोखंडी घोड्यांचा भक्कम आधार हवा, जमीन सपाट व पक्की हवी, योग्य मापाचा रिंग पाना हवा, पारदर्शक नळी हवी, सील न तुटलेली नवी बाटली हवी, कारण उघडून कपाटात ठेवलेली बाटली तिथल्या तिथे ओल पिऊन बसलेली असते; आणि पेडलवर पाय ठेवायला, सांगितलेले ऐकणारे, घाई न करणारे दुसरे माणूस हवे. तिसरे लक्षण ज्ञानाचे, आणि तिथे बहुतेक उत्साही मंडळी अडकतात, कारण ज्ञान याचा अर्थ कृतीचा क्रम पाठ असणे असा ते करतात.

कृतीचा क्रम खरोखर फार लांबचा नाही. जळगावला महामार्गालगतच्या एका गॅरेजात मी तो जवळ उभा राहून पाहिला आहे. पेडलवर बसवलेल्या पोराला उस्ताद खालून हाक देई, “पंप मार, मार, आता दाबून धर”. मग तो ब्लीडर निप्पल, म्हणजे चाकापाशी द्रव बाहेर सोडणारा स्क्रू, पाव आट्यापेक्षाही कमी सैल करी, नळीतून द्रवाची धार बाटलीत उतरे, पोराचा पाय पेडलासकट खाली जाई, आणि तो तळाला टेकण्याच्या आत निप्पल आवळून मगच “सोड” अशी हाक येई. आरंभी नळीतून आलेले द्रव चहासारखे काळपट तांबूस होते. हळूहळू ते फिकट होत गवताच्या काडीच्या रंगावर आले, तेव्हा ते चाक पुरे झाले. दर काही दाबांनंतर उस्ताद उठून बोनेटखालच्या डबीतली पातळी पाही आणि खालच्या खुणेच्या पुष्कळ आधीच नवे द्रव ओती, कारण डबी रिकामी झाली की हवा आत शिरते, आणि हवा आत शिरली की जे संकट टाळण्यासाठी हा खटाटोप मांडला तेच आपल्या हाताने ओढवून घेतले असे होते. बॉडीच्या रंगावर उडालेला एक थेंब त्याने तत्काळ पाण्याने धुतला; तो तसाच राहता तर रंग उतरला असता. मी वेळ किती लागेल असे विचारले तेव्हा मान वर न करताच तो म्हणाला, “ब्रेकना काममा घाई चालत नही, भाऊ.”

यातले पाहून येण्यासारखे ते सगळे मला आले. पण निप्पल किती आवळला म्हणजे पुरे आणि त्यापुढे एक झटका दिला तर तो पोकळ स्क्रू मोडतो, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होते, माझ्या डोळ्यांना नाही. आणि पेडल अंमळ मऊ लागते आहे की नेहमीचेच लागते आहे, हा भेद त्याच्या तळपायाला शेकडो गाड्यांनी शिकवलेला होता. सुश्रुतसंहितेत शल्यकर्म शिकणाऱ्या शिष्याला माणसाच्या देहावर शस्त्र चालविण्यापूर्वी कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर छेद देण्याचा, चामड्याच्या पिशव्यांवर आणि तत्सम वस्तूंवर निरनिराळ्या क्रियांचा सराव करण्याचा दंडक घालून दिला आहे, आणि सगळी शास्त्रे पढलेला असला तरी असा सराव नसलेला शिष्य कर्माला अयोग्यच ठरविला आहे. हा विचार मला फार आदरणीय वाटतो, कारण त्यात कोणालाही दारातून परत पाठविलेले नाही. दारातून आत येण्याची वाट तेवढी सांगितली आहे. अधिकार जन्मासोबत येत नाही तसा तो पुस्तक वाचूनही येत नाही. तो जाणत्याच्या नजरेखाली, चूक झाली तरी कोणाचे नुकसान होणार नाही अशा जागी, हाताने मिळवावा लागतो.

इथे कोणी म्हणेल की धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असते, आणि स्वतःच्या गाडीवर प्रयोग करणारा फार तर स्वतःचे नुकसान करील. पास्कलची पैज इथे आठवते. ईश्वर आहे की नाही हे बुद्धीने ठरत नसेल तरीही माणसाला पैज लावल्यावाचून गत्यंतर नाही, कारण जगणे हेच एका बाजूला पैसे लावणे आहे, असे त्याचे म्हणणे. आणि त्या डावात माणूस जे पणाला लावतो ते त्याचे स्वतःचे आयुष्य आणि स्वतःचे परलोकीचे कल्याण असते. त्याच पास्कलच्या नियमावर चालणाऱ्या ब्रेकच्या डावात मात्र पणाला लागलेले धन बहुतांशी दुसऱ्याचे असते: एरंडोलजवळ रस्ता ओलांडणारी शाळेची पोरे, पारोळ्याला बैलगाडी वळवणारा म्हातारा, पळासनेरच्या थांब्यावरची माणसे. दुसऱ्याचे धन त्याच्या संमतीवाचून डावावर लावणारा धर्मराजाही सभेत निरुत्तर झाला होता. म्हणून “माझा धोका मी पत्करतो” हे वाक्य डोंगर चढणाऱ्याच्या तोंडी शोभते, ब्रेक खोलणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

मग किल्ली मिस्त्रीच्या हाती दिली म्हणजे आपण सुटलो काय? बहुसंख्य लोकांची समजूत अशीच असते, आणि मला ती पहिल्या बाजूच्या उतावळेपणाइतकीच चिंताजनक वाटते. सोमयागात सोळा ऋत्विज लागतात. मंत्र तेच म्हणतात, आहुती तेच देतात, यजमान पुष्कळसा वेळ बसून असतो. तरीही फळ यजमानाचे, असा मीमांसकांचा सिद्धान्त आहे, कारण कर्माला प्रवृत्त करणारा तो, दक्षिणा देणारा तो, आणि हे द्रव्य आता माझे नव्हे असा त्याग उच्चारणारा तोच. हा त्याग त्याच्या वतीने दुसऱ्याला करता येत नाही. ज्याचे फळ त्याचे उत्तरदायित्व. आमच्या कचेऱ्यांच्या परिभाषेत सांगायचे तर मुखत्यारपत्र हातांचे देता येते, जबाबदारीचे देता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम याच दिशेने जाते: ज्या दोषामुळे वाहन रस्त्यावरच्या लोकांना धोकादायक होते असा दोष ठाऊक असताना, किंवा साधारण काळजी घेतली असता तो ध्यानात आला असता अशी स्थिती असताना, वाहन चालविणारा तर दोषी आहेच, पण ते चालवू देणाराही दोषी आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब कायद्यापुढे रुजू होत नाही, जर ठाऊक करून घेणे आपल्या आवाक्यात होते. काही ठिकाणी डबीतले वरचे द्रव पिचकारीने ओढून तेवढेच नवे भरतात आणि चाकांपाशी कोंडलेले, सर्वाधिक तापणारे जुने द्रव तसेच ठेवून देतात; ज्या मालकाला काम काय आहे हेच ठाऊक नाही त्याला हे कधी कळायचे नाही, आणि बिल मात्र पूर्ण कामाचे चुकते होईल. म्हणून यजमानाने स्वतः आहुती दिली नाही तरी त्याला विधी समजला पाहिजे. यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज असतो; त्याचे मुख्य काम बहुतांशी मौन राहून सगळ्या कर्मावर लक्ष ठेवणे आणि कोठे न्यून राहिले तर ते सुधारून घेणे हे असते. गॅरेजात गाडीच्या मालकाने घ्यावयाची जागा मला ही ब्रह्म्याची दिसते.

हिंसेची व्याख्या करताना जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात प्रमादाला जे स्थान दिले आहे ते या विषयात फार महत्त्वाचे वाटते. त्यांच्या मते प्रमादाच्या योगाने प्राणांचा घात करणे ती हिंसा; म्हणजे क्रौर्य किंवा वैर नसले तरी बेसावधपणा हाच हिंसेचा घटक होतो. खानदेशातल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या जैन व्यापाऱ्यांच्या घरी पाणी गाळून पिण्याचा, दिव्याला झाकण घालण्याचा जो काटेकोरपणा होता त्याचे मूळ या अप्रमादात आहे. सूक्ष्म जीवासाठी जी सावधानता, तीच चाकाखाली येऊ शकणाऱ्या माणसासाठी का नसावी? आणि जळगावहून अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाने सव्विसाव्या लेण्यातली बुद्धाची महापरिनिर्वाणाची विशाल मूर्ती पाहिलेली असते. त्या क्षणी भिक्षूंना त्यांनी दिलेला अखेरचा उपदेश अप्रमादाचाच होता, असे बौद्ध परंपरा सांगते. त्याच अजिंठ्याच्या डोंगरातल्या घाटात ब्रेकची कसोटी लागते. मीमांसक, जैन आणि बौद्ध यांची एकमेकांशी किती तत्त्वांवर भांडणे झाली हे सर्वश्रुत आहे. पण कर्म करणाऱ्याने जागे असले पाहिजे याबाबत त्यांच्यात मतभेद नाही, आणि या एका गोष्टीवर तिघांचे हस्ताक्षर एकाच दस्तऐवजावर सापडते, याला मी फार मोल देतो.

आता निर्णय. ज्याने जाणत्याच्या हाताखाली हे काम चारही चाकांवर करून पाहिले आहे, ज्याच्यापाशी साधने आणि सोबती आहे, आणि जो काम संपल्यावर इंजिन सुरू करून पेडल मिनिटभर दाबून धरून, ते खाली सरकत नाही ना हे पाहून, मग रिकाम्या मैदानात संथ गतीने पुनःपुन्हा थांबून खात्री करून घेतल्याशिवाय रस्त्यावर येत नाही, त्याने ते स्वतः करावे. त्याच्या हातून ते एखाद्या घाईतल्या कारागिराहून चांगलेच होईल, कारण त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाची निकड नाही. पण एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत एबीएस ही ब्रेकची यंत्रणा सक्तीची आहे. त्या यंत्रणेच्या ठोकळ्यात एकदा हवा शिरली की पुष्कळ गाड्यांत ती संगणक जोडल्याखेरीज निघत नाही, तेव्हा डबी रिकामी होऊ दिल्याची शंकासुद्धा आली तर गाडी जागची न हलवता जाणत्याला बोलावणे हेच उचित. ज्याच्यापाशी यातले काही नाही, पण इच्छा आहे, त्याने प्रथम शिष्य व्हावे. भंगारात निघालेल्या गाडीचे एखादे चाक त्याच्यासाठी सुश्रुताचा कोहळा होऊ शकते. आणि ज्याला इच्छाही नाही त्याने काम द्यावे, पण बाटलीचे सील आपल्या देखत तोडवावे, चारही चाकांची नळी आपल्या डोळ्यांनी पाहावी, तारीख गाडीच्या पुस्तिकेत लिहून घ्यावी, आणि काढलेले जुने द्रव गटारात किंवा मातीत ओतू देऊ नये, कारण ते विषारी आहे आणि आमच्याकडचे नदीनाले आधीच पुष्कळ सोसतात.

माझ्यापुरते सांगायचे तर मी अजून तिसऱ्या लक्षणात पुरा उतरलो नाही, म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वी गाडी त्याच उस्तादाकडे नेणार आहे. मागली दोन चाके तो करील, पुढली दोन मी त्याच्या नजरेखाली करीन, आणि निप्पल आवळल्यावर त्याने आपल्या पान्याने तो तपासून पाहावा असे मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे.